खेचराचं पुढे काय होतं

संशय घेणं हा माझा स्वभाव आहे आणि मला त्याची लाज वाटत नाही. तीस वर्षं घरी शिवणकाम करते. गिऱ्हाईक पोट आत ओढून माप देतं आणि कपडा घट्ट झाला म्हणून माझ्याशीच भांडतं. तेव्हा माणूस जे सांगतो त्यात दोन इंच मिळवूनच कापायचं, हे मी केव्हाच शिकले.

आमचे हे घड्याळजी. चांगलं चालतं दुकान त्यांनी दोन महिन्यांपूर्वी एकाएकी बंद केलं आणि म्हणाले, "आता पुरे. बसून वाचणार." तेव्हाच मला वाटलं, कुठेतरी पाणी मुरतंय.

वाचणार काय, तर एकच पुस्तक. अमेरिकेतली शंभरेक वर्षांपूर्वीची साहसाची कादंबरी, आपल्या भाषेत आणलेली. दोन सोबती एक खेचर घेऊन बर्फाच्या डोंगरात हरवलेल्या तिसऱ्याला शोधायला निघतात, एवढं मला ऐकून माहीत. सासऱ्यांनी ती ह्यांना वाचून दाखवली, ह्यांनी आमच्या मुलाला. मुलगा परगावी गेला तरी फोनवर त्या खेचराचे दाखले देतो. मी मात्र कधी हात लावला नव्हता. ज्या पुस्तकात बाई औषधालाही नाही, ते मी का वाचू?

पण वाचून वाचून वाचायचं तरी किती? रोज दुपारी तीच खिडकीतली खुर्ची आणि खाकी कव्हरातलं तेच पुस्तक. वर्तमानपत्र बंद केलं. बातम्या वाचवत नाहीत म्हणे. वन्संचा, म्हणजे ह्यांच्या धाकट्या बहिणीचा, दिवसाआड फोन यायचा आणि मी खोलीत शिरले की हे "बरं, ठेवतो" म्हणायचे. एकदा तर दोघं बाहेर गेले आणि चार तासांनी परतले. कशाला गेला होतात विचारलं, तर म्हणाले, "असंच." चाळीस वर्षांत ह्या माणसाने एक काम असंच केलेलं नाही.

मी सुतावरून स्वर्ग गाठला. कुणा बाईची चिठ्ठी त्या पुस्तकात असणार. हे आंघोळीला गेल्यावर मी पान न् पान झटकलं. बसचं एक जुनं तिकीट पडलं, तेही मुलाच्या शाळेच्या वेळचं.

मग मी युक्ती केली. माणूस चिडला की खरं बोलतो. मागच्या सोमवारी मी ते खाकी कव्हर काढून माझ्या कटिंगच्या पुस्तकाला चढवलं; आकार आणि जाडी जवळपास तीच. खरं पुस्तक मशीनच्या खणात टाकलं. आता हे उघडतील, आरडाओरडा करतील आणि भांडणात काय ते बाहेर पडेल, असा माझा हिशेब.

हे बसले. पुस्तक उघडलं, पान उलटलं, थोड्या वेळाने गालातल्या गालात हसलेसुद्धा. समोर बाहीची आकृती आणि काखेच्या गोलाईची मापं होती.

"कुठवर आलं?" मी विचारलं.

"खेचर अडलंय. पुलावर पाऊल टाकत नाही."

भांडायला तोंड उघडलं होतं, पण निघालं भलतंच. "वाचा की जरा मोठ्याने."

त्यांनी वाचलं. मी खणातून खरं पुस्तक काढलं, पुलाचं प्रकरण शोधलं आणि ओळीवर बोट ठेवत गेले. एक शब्द इकडचा तिकडे नाही.

दुसऱ्या दिवशी मी वन्संना फोनवर धारेवर धरलं. त्या रडल्याच. "डावा डोळा गेलाय, वहिनी. उजव्याचं ऑपरेशन येत्या मंगळवारी झालं तर तो वाचेल, डॉक्टरांनी तारीख धरून ठेवलीय. पण दादा घाबरलाय. तुला सांगितलं तर जन्मात बोलणार नाही म्हणाला."

मला स्वतःची इतकी चीड कधी आली नव्हती. मी बाई शोधत होते, आणि हा माणूस माझ्या डोळ्यांदेखत भिंतीला हात लावून चालत होता.

लगेच बोलले असते, तर ते ऑपरेशनला नाही म्हणाले असते. आणि एकदा नाही म्हटलं की आमच्या घड्याळजींचा काटा मागे फिरत नाही. त्यांनीच आपणहून सांगावं म्हणून मी थांबले. शिवाय खरं सांगते, मला पुढचं ऐकायचं होतं. त्या दोन सोबत्यांचा एकमेकांवर काडीचा विश्वास नाही. पिठाची शेवटची पिशवी दुसरा लांबवेल म्हणून दोघंही झोपेचं सोंग घेऊन जागे. हे पुस्तक माझ्यासाठीच लिहिलंय, हे इतक्या वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं. तीन वाजले की मी गिऱ्हाइकाला उद्या ये म्हणून वाटेला लावायची.

शनिवारी हे अडले. "आणि मग त्याने..." म्हणाले आणि गप्प झाले. पान उलटलं, परत मागे आणलं.

मी माझ्या मांडीवरच्या खऱ्या पुस्तकातून वाचलं, "मग त्याने पिशवी दोघांच्या मधोमध ठेवली आणि पाठ फिरवून तो झोपला."

त्यांनी हातातलं पुस्तक बोटांनी चाचपलं, कव्हर सोडवलं, नाकाशी नेलं. माझ्या मशीनच्या तेलाचा वास येत असणार.

"कधीपासून माहीत आहे?"

"सोमवारपासून."

"मग बोलली का नाहीस?"

"खेचराचं पुढे काय होतं ते कळायचं होतं."

ते हसले, आणि हसता हसताच त्यांचा आवाज फुटला. "दुसराही गेला तर गं?"

"मलाही भीती वाटते," मी म्हणाले. त्याहून खरं माझ्याजवळ काही नव्हतं. मग मी पुस्तक मिटलं. "शेवटचं प्रकरण राहिलंय. ते मंगळवारनंतर."

"मला पाठ आहे ते."

"मला नाही. आणि मी एकटी वाचणार नाही. तिकडून परत या आणि मला वाचून दाखवा. बघून."

त्यांनी खिडकीकडे तोंड वळवलं. मग विचारलं, "किती वाजता निघायचंय?"

उद्या मंगळवार. पिशवी भरून दाराशी ठेवली आहे. एक गोष्ट मात्र मी त्यांना सांगितलेली नाही. शेवटचं प्रकरण मी शुक्रवारीच, हे झोपले असताना वाचून काढलं. डोंगरातून त्या दोघांतला एकच परत येतो. त्यांना ते पाठ आहे, आणि तरी मंगळवारनंतर वाचायला ते कबूल झाले. शनिवारपासून मी खेचराचं नावही काढलेलं नाही; तेवढ्यावरून मी वाचलंय हे त्यांनी ओळखलं असणार, असा मला दाट संशय आहे.