वेसाईचा पुजारी

सम्यकचा चोर मेला तो रविवारी दुपारी, मुलुंडला, गंधालीच्या जेवणाच्या टेबलावर. सम्यकनं फासा टाकला, एक पडला, आणि तळ्यातल्या कुठल्याशा जनावरानं चोराला बुटांसकट गिळलं. मग फरसाणाची ताटली फिरली.

खेळ असा, की गंधाली गोष्ट सांगायची आणि बाकीचे तिघं त्या गोष्टीतली माणसं व्हायचे. आपलं माणूस काय करतंय ते ज्यानं त्यानं सांगायचं, ते जमतंय की नाही ते वीस बाजूंचा फासा ठरवणार. एरवी गंधाली एका विमा कंपनीत दावे तपासायची, त्यामुळे तिच्या राज्यात कुणाला काही सहजासहजी मिळत नसे. बोरीवलीहून येणारा हर्षद सरदार होता. मानसी जादूगारीण. सम्यक चोर होता, आता तो कुणीच नव्हता.

"पुजारी हो," गंधाली म्हणाली. "जखमा भरायला आपल्याकडे कुणी नाही."

पुजारी व्हायचं ते वेसाईचं. वेसाई म्हणजे गोष्टीतल्या तटबंदीच्या शहराची राखणदेवी, गंधालीनं आजोळी मालवणला ऐकलेल्या राखणदाराच्या गोष्टींवरून रचलेली. वेशीच्या कमानीवर तिचं देऊळ. तिचा संप्रदाय मोठा, पुजाऱ्यांच्या गळ्यात लोखंडी किल्ल्या, आणि नियम एकच: दिवेलागणीची घंटा झाली की वेस उघडायची नाही. उघडली तर देवी शहर सोडून जाईल.

सम्यक म्हणाला, आमच्या घरी देव नाहीत. डबा उघडताना कुणी वांगं खात नाही म्हणतो, तसं म्हणाला. घरी भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब होते आणि बावीस प्रतिज्ञा त्याला लहानपणापासून पाठ होत्या. हर्षदनं समजावलं, की अरे, ही खोटी देवी आहे, गंधालीनं बसून रचलेली. सम्यक म्हणाला, सगळ्याच कुणी ना कुणी बसूनच रचल्यात. मानसीनं चहा ओतला. शेवटी सम्यक तयार झाला, कारण दुसरा पर्याय चेंबूरला घरी जाण्याचा होता आणि घरी पंखे पुसायचे होते.

पुजारी म्हणून तो चांगला निघाला. आवाज मूळचाच भारदस्त, पवईच्या ऑफिसात दिवसभर लोकांना कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू करायला सांगून आणखी धीरगंभीर झालेला. घरी तो आरशासमोर आशीर्वादांचा सराव करायचा. एकदा "वेसाईच्या कृपेनं तुझी जखम भरो" असं म्हणत असताना मागे आई उभी होती.

राधाताई महापालिकेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या. पोरगा काही लपवत असला की त्या आवाज चढवत नसत, फक्त खुर्ची ओढून बसत. त्या बसल्या. सम्यकनं सगळं सांगितलं, फासे, सरदार, देवी, नियम. देवीबद्दल काहीतरी ऐकावं लागणार, अशी त्याची तयारी होती. पण त्यांनी वेगळंच विचारलं.

"वेशीबाहेर कोण राहतं?"

सम्यकला आठवावं लागलं. गंधाली एकदा ओझरतं बोलली होती. "रंगारी. त्यांच्या रंगांना वास येतो म्हणून बाहेर."

"तुझे पणजोबा गावचे वेसकर होते," राधाताई म्हणाल्या. "रात्रभर गावाची वेस राखायचे. राहायचे वेशीबाहेर." मग भाजी करपेल म्हणून त्या आत गेल्या.

पुढच्या रविवारी शहराला वेढा पडला. मेलेल्यांची फौज डोंगर उतरून आली, दिवेलागणीची घंटा झाली, आणि गंधालीनं सांगितलं, की बाहेर रंगाऱ्यांची वस्ती जागी झाली आहे, लोक पोरं काखेत घेऊन वेशीवर येऊन थडकतायत. हर्षदचा सरदार खड्गसेन म्हणाला, तटावर धनुर्धर लावा. मानसीनं आगीचा मंत्र तयार ठेवला. गंधालीनं पुजाऱ्याकडे पाहिलं.

"मी वेस उघडतो," सम्यक म्हणाला.

गंधालीनं नियमाची आठवण करून दिली. सम्यक म्हणाला, आठवतो. किल्ली माझ्याच गळ्यात आहे. फासा टाकायचीही गरज नव्हती, किल्ली लावून दार उघडायला फासा लागत नाही.

गंधालीला नियम सोडून देता आला असता, पण ती दावे तपासणारी बाई होती. "देवी गेली," ती म्हणाली. "देवळातला दिवा विझला. तुझ्या हातात आता काही उरलेलं नाही."

रंगारी आत आले आणि सरळ तटावर चढले. त्यांनी उकळत्या रंगाच्या कढया खाली ओतल्या, आणि शहर वाचलं. रंगाऱ्यांमागून घुसलेल्या मेलेल्यांच्या हातून खड्गसेन मात्र वेशीतच पडला. छातीत भाला होता. सम्यकनं जखमेवर हात ठेवला, आणि काहीच झालं नाही. खड्गसेनला हर्षद कॉलेजपासून खेळत आला होता. त्यानं फासे पिशवीत भरले, चपला घातल्या आणि तो गेला.

त्यानंतरच्या रविवारी त्याला काम निघालं, त्याच्या पुढच्याही. मग सम्यकच बोरीवलीला गेला. सोसायटीच्या बाकावर दोघं बसले. समोर नॅशनल पार्कातून आलेलं एक माकड कुणाचा तरी सुकत घातलेला पापड खात होतं. वेस उघडल्याचा पश्चात्ताप नाही, असं सम्यकनं आधीच सांगून टाकलं. पणजोबांचंही सांगितलं, शाळेत कधी कुणाला सांगितलं नव्हतं ते.

हर्षदनं ऐकून घेतलं. "वेस उघडलीस त्याचा राग नाही रे," तो म्हणाला. "मी वेशीत उभा होतो. मला आधी सांगायचं तरी."

"तू नको म्हणाला असतास."

"म्हणालो असतो. मग तू उघडली असतीस. पण मी ढाल तरी वर धरली असती."

पुढच्या वेळी सांगेन, असं सम्यक म्हणाला, आणि त्यानं ते मनापासून म्हटलं. माकडानं दुसरा पापड घेतला.

हर्षद परत आला तो रंगारीण होऊन. तिचं नाव त्यानं ठरवलं तुळसा, आणि पहिल्याच दिवशी ती देवळात जाऊन पुजाऱ्यासमोर उभी राहिली. देवी नाही, तर एवढी कोरडी, वाऱ्याची जागा मोकळी कशाला? आम्हाला लुगडी वाळत घालायची आहेत.

सम्यकला वाटलं होतं, की आपण लगेच हो म्हणू. पण त्याच्या तोंडून निघालं, की बाहेरच्या सभामंडपात घाला, गाभाऱ्यात नको. मानसीनं त्याच्याकडे मान वळवून पाहिलं. ज्या देवीला तो मानत नव्हता, जी त्याच्यामुळेच गेली होती, तिचा गाभारा तो राखत होता, आणि का, ते त्याला सांगता येईना.

"फासा टाका," गंधाली म्हणाली.

हर्षदला अठरा पडले. सम्यकला चार.

त्या संध्याकाळी राधाताईंनी विचारलं, काय झालं देवीचं. सम्यक म्हणाला, गाभाऱ्यात लुगडी वाळतायत. त्यांनी वरणाला फोडणी दिली, झाकण ठेवलं, आणि मग विचारलं, की रंगांना वास येतो का अजून. सम्यक म्हणाला, खूप.