टिपणीसबाईंची बोटं

टिपणीसबाईंची बोटं शब्दांनी झिजत होती, पाटीवरची पेन्सिल झिजते तशी. चंपाच्या तळव्यावर त्या बोटाने अक्षरं काढत आणि प्रत्येक शब्दामागे चिमूटभर भुकटी तिच्या हातात उरे. ती परकराला पुसून चंपा म्हणे, "अजून."

चंपाला दिसत नव्हतं, ऐकूही येत नव्हतं. ती सहा वर्षांची असताना बाई साताऱ्याला त्यांच्या घरी आल्या, तिच्या जिभेवर मिठाचा खडा ठेवला आणि हातावर लिहिलं, मीठ. तोवर जगाला नावं असतात हेच तिला ठाऊक नव्हतं. मग तिने घर पालथं घातलं. उंबरा, सूप, मांजर, आत्याबाईंची नथ, सगळ्याला हात लावून विचारलं. दिवाळीपर्यंत बाईंचं एक पेर संपलं.

भूगोलात तर्जनी गेली. व्याकरणात मधलं बोट. चंपाने पहिलं पुस्तक लिहिलं, ते छापखान्यातून तपासायला आलं, त्यात अनामिका गेली. वाचकांची पत्रं आली, त्यात उजव्या हाताची उरलेली बोटं. साताऱ्यात चंपासारखी अकरा मुलं होती. त्यांना शाळा हवी म्हणून तिने अर्ज करायला घेतले, तशी डाव्या हाताचीही भराभर जाऊ लागली. सरकारी उत्तरांची भाषा खरखरीत.

चंपाला यात वावगं वाटलं नाही. वय झालं की केस गळतात, तशी बोटंही जात असतील, अशी तिची समजूत. दुसऱ्या कुणी तिचा हात इतका वेळ धरलाच नव्हता.

मग पुण्यात तिचा सत्कार झाला. ऐंशी वर्षांचे अध्यक्ष तिचा हात सोडेचनात. चंपाने त्यांची बोटं मोजली. पाचही होती, नखांसकट.

"बाई, त्यांची बोटं शाबूत कशी?" तिने रिक्षात विचारलं. बाईंच्या गळ्यावर हात ठेवून ती बोलायला शिकली होती. आवाज जाडाभरडा, पण कळे.

बाईंचा तेव्हा डावा अंगठा तेवढा उरला होता. "त्यांनी कुणाला काही शिकवलं नसेल," त्यांनी लिहिलं.

त्या दिवसापासून चंपा काही विचारेनाशी झाली. ताटात भाजी कसली, हेसुद्धा नाही.

"मौनव्रत कसलं घेतेस? कारलं आहे. खा." एवढ्यात अंगठ्याचं नख गेलं.

चंपाने रडत हात ओढून घेतला. "लिहू नका ना, बाई."

बाईंनी तो परत ओढला. "मग काय अंगठा लोणच्यात घालून ठेवू?"

सहा महिन्यांनी शाळेच्या अर्जावर सरकारी समितीचं बोलावणं आलं. शिकवायची रीत समक्ष दाखवा, म्हणजे बाईच हव्यात. मुलांनाही आणा. प्रश्न विचारू, उत्तरं पटली तर शाळा.

"आपण नको जाऊ या," चंपा म्हणाली.

"पदर नीट घे," बाईंनी लिहिलं.

समितीचं टेबल प्रत्येक प्रश्नाला हातभर लांबत होतं. त्याची कड चंपाच्या पोटात रुतत होती. माणसं दूर जात होती, तसे प्रश्नही लांबत होते.

"मुद्द्याचा शब्द तेवढा सांगा, बाई," चंपा म्हणाली.

पण बाईंना अर्धवट वाक्याचा तिटकारा. 'आदरणीय लेखिका चंपावतीबाई' यातच अर्धं पेर गेलं. मुलं जेवतील काय, पळाली तर, शिकून करणार काय. चंपाने भराभर उत्तरं दिली, म्हणजे पुढचा प्रश्न तरी आखूड येईल. तो आखूड आला नाही.

शेवटच्या प्रश्नाला अंगठा गुंजेएवढा राहिला होता. बाईंनी लिहिलं, "शाळा दिली, तर त्या बदल्यात तुम्ही", आणि थांबल्या. चंपाच्या हातावर आता नुसता तळवा होता. गुळगुळीत, नुकत्या दळलेल्या पिठाइतका ऊन.

"तुम्ही काय, बाई?"

तळवा हलला नाही.

टेबल लांबायचं थांबलं. सगळे खोळंबले आहेत, हे तिला लाकडातून कळत होतं.

"हो," चंपा म्हणाली.

खुर्च्या सरकल्याचा हादरा तळपायांत आला. मग एक घामट, चिमुकला तळवा तिच्या मांडीवर येऊन उघडला. मागोमाग दुसरा, तिसरा. कुणाची नखं कुरतडलेली, कुणाचा हात गुळाने चिकट. अकरा झाले. चंपाने पहिल्यावर आपलं बोट टेकवलं, तोच मुलांना सारत बारावा तळवा पुढे आला. त्याला बोटं नव्हती. तो उताणा होता, आणि वाट पाहत होता.