धुळ्यात नसलेली मुलगी

‘जळगाव व धुळे जिल्ह्यांतील एकशे चौऱ्याऐंशी विद्यार्थी दोन्ही दिवस पूर्णवेळ उपस्थित होते व त्यांनी चर्चेत सक्रिय सहभाग घेतला,’ असे ‘सागरी परिसंस्था : आव्हाने आणि संधी’ या विषयावर धुळ्यात भरलेल्या राज्यस्तरीय चर्चासत्राच्या अहवालात छापले आहे.

ज्या सभागृहात हे चर्चासत्र भरले त्यात खुर्च्या नव्वद आहेत. प्रमुख वक्त्यांनी आदल्या संध्याकाळीच दिलगिरी कळवली होती. अहवालात मात्र त्यांच्या भाषणाचा सारांश सव्वा पान आहे, आणि तो न झालेल्या भाषणाचा असल्यामुळे निर्दोष आहे. प्रमाणपत्रे गुरुवारीच छापून तयार होती. चर्चासत्र शनिवार-रविवारी होते. समुद्रापासून इतक्या लांब बसून समुद्राची काळजी वाहण्यात गैर काहीच नाही. काळजी वाहायलाही तिथे कोणी नव्हते, एवढेच गैर होते. राहिला सक्रिय सहभाग. त्या एकशे चौऱ्याऐंशींपैकी तिघे तरी शनिवारी सकाळी दीपप्रज्वलनाच्या नियोजित वेळी खरोखरच सागरी परिसंस्थेत होते, आणि त्यांतले दोघे तर नाकातोंडातून तिचे खारे पाणी गाळत होते.

त्या तिघांतली प्रज्ञा तायडे जळगावच्या पिंप्राळ्यात राहणारी, प्राणिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला. धुळ्याचे प्रमाणपत्र जोडले की अंतर्गत परीक्षेत दहा गुण मिळत, आणि एम.एस्सी.च्या वीस जागांत आपले नाव बसते की नाही हे त्या दहा गुणांवर ठरणार, हे तिला पाठ होते. अर्ज भरला की उपस्थिती लागते, हेही वरच्या वर्गाने सांगून ठेवले होते. तेव्हा अर्ज भरून ती पाचोऱ्याच्या डिंपल आणि धरणगावच्या सुयशबरोबर दोन गाड्या बदलून कुडाळला उतरली. तिथून पुढे किनाऱ्यावरचे ते गाव. पूर्वी तिथे होड्या ओढत. आता फळीवरून लाटेवर स्वार व्हायला शिकवणारी एक शाळाही निघाली आहे.

“खंयसून इल्यात?” फळ्या मांडणाऱ्या प्रशिक्षकाने विचारले.

“जळगावहून.”

“थंय पाणी तरी गावता काय?”

“गावतं ना दादा,” सुयश म्हणाला. “टँकरनं येतं. लाटा तेवढ्या टँकरात मावत नाहीत.”

प्रज्ञा हसली नाही. तिच्या मामाचे गाव तापीकाठी, केळीच्या पट्ट्यात. घड उतरला की केळीचे खोड बांधावर कापून टाकतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरे तीन-चार खोडे बांबूच्या खुंट्यांनी जोडून त्यांचा तराफा करतात, त्यावर उभी राहतात आणि लांब बांबूने तळ रेटत नदीत हिंडतात. खोड गुळगुळीत, ओले आणि कृतघ्न असते. उभे राहणाऱ्याची ते कधीच गय करत नाही. जीवराममामा काठावरून ओरडायचे, “पायाकडे पाहू नको पोरी, पलीकडच्या काठाकडे पाह्य!” सहा उन्हाळे तिने तेवढे एकच केले होते. म्हणून वाळूवरची कवायत आटोपून फळी घेऊन कमरेइतक्या पाण्यात गेल्यावर तिने अगदी गंभीरपणे हात पुढे केला.

“दादा, बांबू?”

“कसलो बांबू?”

“रेटायला.”

प्रशिक्षक इतका हसला की त्याच्याच हातातली फळी लाटेने पळवली. डिंपल वाळूवर बसून मोबाइल सरसावत ओरडली, “ए प्रज्ञे, तिकडे पलीकडचा काठ नाही बरं! थेट आफ्रिकाच!”

तो पुढचा तास पडण्याचा होता. सुयश पोटावर पडे, पाठीवर पडे, एकदा तर उभ्या फळीलाच मिठी मारून पडला, आणि प्रत्येक वेळी वर येऊन जिंकल्यासारखे हात हलवी. प्रज्ञा वाटेत पडली की तो अहिराणीत चिडवे, “सरक ना वं! बठ्ठा समुद्र तुनाच शे का?” प्रशिक्षक सांगे, हात पसर, पक्ष्यासारखे पसर. ती पसरे, आणि पक्ष्याच्या नव्हे तर पोत्याच्या रीतीने पाण्यात जाई. डोळे चुरचुरत होते, गुडघा सोलला होता. हसून हसून पोटात कळा येत होत्या आणि प्रत्येक हसण्याबरोबर आणखी एक घोट समुद्र आत जात होता.

शेवटी तिने शहाण्यासारखे ऐकणे सोडून दिले. मागून लाट आली, तिने फळी दाबून अंग उचलले, पाय रोवले, गुडघे सैल सोडले आणि दोन्ही मुठी छातीपुढे एकीखाली एक धरल्या. नसलेला बांबू हातात आला. तिने पायाकडे पाहिले नाही. फळीखालचे पाणी एकदम गुळगुळीत झाले, किनारा तिच्याकडे धावत आला आणि ती त्याच्याकडे उभी, सरळ उभी चालली होती. कानात वारा होता. त्या वाऱ्यातूनही तिला ऐकू आले, “उभी ऱ्हायनी! उभी ऱ्हायनी ना वं!”

दुपारी प्रशिक्षकाच्या बायकोने त्यांना सोलकढी पाजली आणि डिंपलने पिशवीतून कळण्याची भाकरी आणि ठेचा काढला. पहिल्या घासाला प्रशिक्षकाच्या डोळ्यांत पाणी आले. “आता समजला,” तो म्हणाला, “तुमका लाटेचो भय कित्याक नाय ता.”

लाटेवर उभ्या प्रज्ञाची चित्रफीत डिंपलने मोबाइलवर घेतली होती, ती तिने त्याच दिवशी गावाच्या नावासकट सगळ्यांना पाठवली. आनंदाच्या भरात तिला तारखेचे भान राहिले नाही. सोमवारपर्यंत ती महाविद्यालयभर फिरली आणि बुधवारी विभागप्रमुख डॉ. नेहते यांनी प्रज्ञाला बोलावले. टेबलावर तिचे प्रमाणपत्र होते, शेजारी टंकलेला कागद.

“ही तू नाहीस,” ते म्हणाले. प्रश्न नव्हता. “तोंड काही नीट दिसत नाही. शिवाय तू धुळ्यात होतीस, तसे अहवालातच आहे. या कागदावर सही कर, विषय संपला. दहा गुण तुझे.”

“आणि सही नाही केली तर, सर?”

“तर अहवाल खोटा ठरेल. एकशे चौऱ्याऐंशी जणांचा.” त्यांनी चित्रफीत पुन्हा लावली. ते स्वतः तापीकाठचे. लाटेवरची मुलगी उभी राहिली तसा टेबलावरचा त्यांचा उजवा हात आपसूक मिटला, काहीतरी धरल्यासारखा. ते ध्यानात येताच त्यांनी तो मांडीवर घेतला. “इतर लोक हात पसरतात,” ते पुटपुटले. “ही... असो. सही कर, बेटा.”

प्रज्ञाने कागद वाचला. ‘सदर चित्रफितीतील व्यक्ती मी नाही.’ वाक्य स्वच्छ होते, व्याकरणशुद्ध होते, आणि वीस जागांपैकी एक त्याच्या टोकाला बांधलेली होती. मोल एवढेच, की ती लाट कुणाचीच नसेल. फळीवर कोणीच उभे राहिलेले नसेल. काचेच्या दारापलीकडे सुयश आणि डिंपल उभे होते. तिला पुन्हा हसू येऊ लागले, तेच, पोटातून येणारे. तिने टंकलेल्या वाक्यावर काट मारली आणि कागद उलटून लिहायला घेतले. तो कागद पुढे झालेल्या चौकशीच्या धारिकेत आजही आहे. त्यावरचा मजकूर असा :

“मी, प्रज्ञा देवचंद तायडे, लिहून देते की चित्रफितीतील मुलगी मीच आहे. शनिवारी व रविवारी मी धुळ्यात नव्हते. प्रमाणपत्र सोबत परत करत आहे. चित्रफितीत मी अकरा सेकंद उभी दिसते, ते खरे आहे. त्याआधी मी चौदा वेळा पडले, ते चित्रीकरणात आलेले नाही. त्याचीही कृपया नोंद घ्यावी.”