माप टाकीचं, पडदा आत्याचा

प्रयोगशाळेत एका सहकाऱ्याला सगळे 'टाकी' म्हणत, जणू रक्ताची टाकीच. धडधाकट गडी, सुई पाहून कधी डोळे फिरले नाहीत. तपासणीला रक्त हवं असलं की संशोधक बाई त्यालाच हाक मारत.

बाई डायलिसिसच्या यंत्रासाठी प्लास्टिकचा नवा पडदा बनवत होत्या. किडनी थकली की रक्त गाळायचं काम हा पडदा करतो; मात्र रक्त त्यावर गोठता कामा नये. टाकीचं रक्त सोडलं की पडदा दर वेळी स्वच्छ निघे. सहा वर्षांच्या कष्टांचं चीज झालं होतं. सोमवारी अहवालावर सही झाली की पडदा रुग्णांवर वापरून बघणार होते, आणि पहिल्या दहांत बाईंच्या आत्यानं हौसेनं नाव दिलं होतं.

शनिवारी आत्याचं डायलिसिस चालू असताना बाईंनी तिला सगळी हकिगत सांगितली. आत्याचा जन्म शिवणयंत्रावर गेलेला. तिनं विचारलं, "कुणाच्या रक्तावर तपासलंस?"

बाईंनी टाकीचं कौतुक केलं, तशी आत्या हसली. "म्हणजे कपडा माझा आणि माप त्या पहिलवानाचं!"

बाई चिडल्या. निरोगी रक्त नियमात बसतं, सगळे असंच करतात, पुन्हा तपासायचं तर वर्ष जाईल, असं त्यांनी एका दमात ऐकवलं. आत्या नळीतून फिरणारं आपलं रक्त बघत राहिली.

"मी तुझ्या शब्दावर तयार झाले, बाळ. तुझी खात्री आहे ना?"



सोमवारी त्यांनी सही केली नाही. परवानगी काढून सहा रुग्णांच्या रक्तावर पडदा तपासला. चौघांचं रक्त ठीक गेलं, दोघांच्या रक्तानं पडद्यावर गुठळ्या धरल्या. त्यातलं एक रक्त आत्याचं होतं! हा पडदा आत्याला लावला असता तर?

त्यांनी आत्याला खरं ते सांगितलं आणि माफी मागितली. आत्या म्हणाली, "अंगावर फाटण्यापेक्षा टेबलावर उसवलेलं बरं. बस परत शिवायला."

बाई परत बसल्या. आता टाकीचं रक्त पहिल्या दिवशी लागतं, पुढचे सगळे दिवस रुग्णांचे. टाकी थोडा रुसला आहे.

मंडळी, आपण तरी काय वेगळं करतो? म्हाताऱ्यांसाठी जिने बांधतो आणि तरण्या पायांनी चढून बघतो. ज्याच्यासाठी काम करायचं, त्याला आधी विचारावं. बाईंना हे वेळेवर कळलं, म्हणून आत्या आजही त्यांच्या कामात चुका काढते आहे.