जपानी दिवाळसण

जावई हा दहावा ग्रह म्हणतात. बाकीच्या नऊंची शांती करायला भटजी मिळतो, दहाव्याला काय हवं ते त्यालाच विचारावं लागतं. भोपरच्या दामाजी पाटलानं विचारलं. चौऱ्याण्णव साल होतं आणि त्याच्या लेकीच्या, शालूच्या लग्नानंतरची पहिली दिवाळी. जावई अंगठी नाहीतर स्कूटर मागेल असं सगळ्यांनी धरलं होतं. चंदूनं व्हिडिओ गेम मागितला.

"पण स्टेशनबाहेर मिळतो तो चायनाचा डबा नको, मामा. ओरिजिनल पायजे."

ओरिजिनल म्हटल्यावर दामाजीला एकच माणूस आठवला, चेंदणी कोळीवाड्यातला नाथा. मिठागरावरचा त्याचा जुना दोस्त, आता बोटीवर नोकरीला. दामाजीच्या घरातला मोठा टीव्हीसुद्धा नाथानंच दुबईहून आणलेला. या खेपेला त्यानं जपानहून मशीन आणलं आणि सोबत विटेएवढा जड ट्रान्सफॉर्मर दिला. तिकडची वीज आपल्यापेक्षा कमी ताकदीची, थेट लावलं तर मशीन जळेल, एवढं बजावून तो परत बोटीवर गेला.

दामाजी म्हणजे बैल स्वतः दोन दिवस दावणीला बांधून बघितल्याशिवाय कुणाला न देणारा माणूस. त्यानं खोका उघडला, मशीन आपल्या टीव्हीला लावलं, हिरव्या डोंगरावरून लाल गाडी पळताना बघितली आणि त्याचा जीव भांड्यात पडला. पण जावयाला द्यायची वस्तू आधी वापरली म्हणजे ती उष्टी झाली. मनुबाईनं, त्याच्या बायकोनं, कपाळावर हात मारला. मग दोघांनी मिळून खोका होता तसा भरला, वरून नवी चिकटपट्टी लावली आणि कुंकवाचं बोट ओढलं. पाडव्याला चंदूनं तो तसाच बंद खोका आपल्या घरी कासारवडवलीला नेला. शालूला यातलं काही माहीत नव्हतं.

सासरी टीव्ही रंगीत होता, नवा होता, चांगल्या कंपनीचा होता. त्यावर जपानी मशीन लावलं आणि चित्र आलं काळंपांढरं. डोंगर काळपट, गाडी पांढुरकी. चंदूनं सगळी बटणं फिरवली, वायरी काढून घातल्या, टीव्हीला दोन थपडाही मारल्या. मग तो ठाण्याला जाऊन खेळाची नवी कॅसेट घेऊन आला. ती मशीनच्या खाचेत शिरेचना. आपल्याकडच्या बाजारातली कॅसेट आकारानंच वेगळी होती.

"रंग नाय न कॅसेट पन जात नाय," सासू बायजा म्हणाली. "कसला ओरिजिनल?"

शेजारपाजारचे खेळ बघायला जमलेले, त्यांच्यासमोर ती हे म्हणाली. शालूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बापानं आयुष्यात कुणाला खोटं नाणं दिलं नव्हतं, हे तिला ओरडून सांगावंसं वाटलं. पण समोर काळीपांढरी गाडी पळत होती, तिला काय सांगणार? तिनं कोपऱ्यावरच्या दुकानातून भोपरला फोन लावला. चंदू शेजारीच उभा होता.

दामाजी बिचारा सरळ माणूस. "असा कसा होयल?" तो म्हणाला. "आमचे घरान रंगीत दिसत व्हता. मी सोता बघितलंय."

झालं! चंदूनं फोन ठेवायचीही वाट बघितली नाही. घरी येऊन त्यानं खोक्याची पट्टी नखानं उचकटली. खाली दुसरी पट्टी निघाली, जपानी अक्षरांची, मधोमध फाटलेली.

"म्हणजे वापरलेलं दिलंय. बिघडलेलं, जुनं. आणि वर रंगीत दिसतं म्हणून थापा. तुझा बाप एक नंबरचा खोटारडा आहे."

शालूनं रागानं दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले. चार दिवस ती त्याला वाढत होती, पण त्याच्याशी बोलत नव्हती. चंदू माणूस वाईट नव्हता. मित्रांसमोर हसं झालं होतं त्याचं, आणि हसं झालेला माणूस आधी दोष द्यायला कुणाला तरी शोधतो. हे शालूला कळत होतं. तरी तो शब्द तिच्या घशाखाली उतरत नव्हता.

रविवारी तिनं मशीन पिशवीत घातलं, ट्रान्सफॉर्मर चंदूच्या हातात दिला आणि म्हणाली, "चला भोपरला. माझ्या डोळ्यांनी बघायचंय मला."

भोपरला दामाजीनं वायरी जोडल्या. बटण दाबलं. डोंगर हिरवा, गाडी लाल. मनुबाई मागून म्हणाली, "बघा, हाय का नाय?"

चंदूनं वाकून टीव्हीच्या मागच्या वायरी तपासल्या.

दामाजीनं मधल्या काळात चेंदणीला जाऊन नाथाच्या भावाकडून सगळं समजून घेतलं होतं. जपानची रंग पाठवायची पद्धत वेगळी, आपली वेगळी. दुबईचा टीव्ही दोन्ही ओळखतो, आपल्याकडचा साधा टीव्ही फक्त आपलेच रंग ओळखतो. म्हणजे मशीन चांगलं, चंदूचा टीव्ही चांगला, फक्त दोघांची गाठ पडत नव्हती. शालूला एवढं हलकं वाटलं की ती भिंतीला टेकून खालीच बसली. आता चंदू बाबांना काहीतरी बोलेल, म्हणून ती वाट बघत राहिली.

चंदू कंट्रोलर घेऊन बसला. दोन शर्यती झाल्या. मग मान न वळवता म्हणाला, "मामा, मग हा टीव्हीच दिलात तर प्रश्न मिटला."

दामाजी आनंदानं उठला. खरा ठरल्याच्या भरात त्यानं घराची कौलंसुद्धा काढून दिली असती. "न्या की! नाथाचे भावाचा टेम्पो हाय. मने, वरचा कापड काढ गो."

मनुबाईनं टीव्हीवरचा विणलेला रुमाल उचलला आणि घडी घालायला लागली.

"आई, तो रुमाल ठेव जागेवर," शालू म्हणाली. "टीव्ही हलणार नाही."

"अगो, जावयाची हौस..."

"आज टीव्ही नेतील, उद्या म्हणतील जपानची वीज पण आणा. तुम्ही गप बसा, बाबा." मग ती चंदूकडे वळली. "तुम्हाला रंगात खेळायचं ना? दर रविवारी या इथं, कोण नाही म्हणतंय? पण माझ्या बाबांना खोटारडा म्हणालात, ते आधी मागं घ्या."

दामाजी उभ्याचा खाली बसला. फोननंतर जावई त्याला काय म्हणाला होता, हे त्याला आत्ता कळलं. त्याचा चेहरा इतका उतरला की मनुबाईनं दुसरीकडे बघितलं.

"चुकलं माझं, मामा," चंदू पुटपुटला. बोटं बटणांवर, डोळे रस्त्यावर, लाल गाडी वळणावर.

"जाऊ दे, जाऊ दे. आयकला मी," दामाजी घाईघाईनं म्हणाला.

शालू उठली आणि तिनं भिंतीवरचा स्विच बंद केला.

काच काळी पडली. चंदूनं चिडून वर बघितलं. शालू स्विचवर बोट ठेवून तशीच उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ती नजर हटवत नव्हती. चंदूनं कंट्रोलर खाली ठेवला. आता खोलीत बघण्यासारखं दामाजीचं तोंड तेवढं होतं, आणि चंदू दिवाळसणानंतर पहिल्यांदाच त्याच्याकडे बघत होता.

"मामा," तो म्हणाला, "तुम्हाला खोटारडा म्हणालो, ते मागं घेतो."