न कापलेलं कुरण

नोटबुर्गाच्या हातचं सूप विन्सेंझच्या घशाखाली आताशा उतरत नसे. दर रविवारी ही बाई पावाचे गोळे घालून सूप करणार आणि त्याला जेवायला बोलावणार. का, तर तीन वर्षांपूर्वी तिचा नवरा रोमेड हिमलोटाखाली गाडला गेला तेव्हा यानं नुसत्या हातांनी बर्फ उपसला होता. दोन बोटं गेली त्यात. सारं गाव त्याला देवमाणूस म्हणे. देवमाणूस कसला, डोंबल!

गावाच्या डोक्यावरचं उभ्या चढाचं कुरण विन्सेंझचं. आजोबांपासून दर ऑगस्टात कंबरेला दोर बांधून ते कापायचे. गवत खुरटं राहिलं की बर्फ त्याला धरून बसतो. वाढलेलं राहिलं की ते आडवं पडतं आणि वरचा बर्फ सरळ घसरतो. तिथलं शेंबडं पोरही हे जाणतं. पण गावात स्कीवाले आले, रोपवे झाला, विन्सेंझ रोपवेवर नोकरीला लागला. गुरं विकली. मग गवत कापायचं कुणासाठी? एका वर्षानं काय आभाळ कोसळतंय, म्हणाला. कोसळलं, पण रोमेडच्या गोठ्यावर. आणि रोमेड आत होता.

त्या रविवारी नोटबुर्गा म्हणाली, "नातवाचा बाप्तिस्मा आहे. नाव रोमेडच ठेवतोय. धर्मपिता तू व्हायचंस. नाही म्हणालास तर बघ!"

विन्सेंझनं चमचा खाली ठेवला. आता गप्प बसलो तर माणूस म्हणवून घ्यायची लाज वाटेल, असं त्याला झालं.

"वहिनी, त्या साली मी कुरण कापलं नव्हतं. माझ्यामुळे गेला तो."

"माहीत आहे."

"माहीत आहे? आणि मला जेवायला घालतेस?"

"सप्टेंबरातच दिसलं होतं आम्हाला. रोमेड दोर घेऊन निघालाही होता. म्हणाला, विन्सेंझला सवड नाही, मीच कापून येतो. मी दारात आडवी उभी राहिले. म्हटलं, त्याची हमाली तू कशाला करतोस? सुटीचे पाहुणे उतरायचेत, आधी आपल्या खोल्या रंगव. बिचाऱ्यानं मुकाट्यानं दोर ठेवला."

विन्सेंझ शिव्या खायच्या तयारीनं बसला होता. चार हासडल्या असत्या तर जीव हलका झाला असता. पण ती त्याच्याकडे बघतही नव्हती.

"तुला सांगायला निदान मी होते," ती म्हणाली. "मी कुणाला सांगायचं रे?"