सोबत : खोगीर, नग एक

विषय : घोडा क्रमांक चौदा, नाव डीकन, यास विक्रीच्या यादीतून वगळण्याबाबत.
संदर्भ : वेंडेल अरिझागा, रँचवरील गडी, यांचा दिनांक नऊ जूनचा अर्ज.
सोबत : खोगीर, नग एक.

तो नग म्हणजे मी. मी खोगीर बोलतो आहे. गेले पाच आठवडे सेजहेन रँचच्या ऑफिसात, कागदांच्या कपाटाशेजारी, पोट वर करून पडलो आहे. माझ्या रिकिबीला सुतळीने एक चिठ्ठी बांधली आहे आणि तिच्यावर अर्जाचा क्रमांक आहे. एकोणतीस वर्षं 'वेंडेलचं खोगीर' एवढी ओळख मला पुरत होती. आता क्रमांक मिळाला. ऑफिसात पडून पडून भाषाही इथली लागली, तेवढी चालवून घ्या.

माझा जन्म एल्को गावात, अ‍ॅन्सेल टिब्स नावाच्या कारागिराच्या दुकानात झाला. आत पाइनच्या लाकडाचा सांगाडा. त्यावर बैलाचं कच्चं कातडं ओलं असताना ताणून शिवलेलं. वर कमावलेलं जाड चामडं, खाली मेंढीची लोकर. वर बैल, खाली मेंढी आणि मध्ये लाकूड. यातल्या कुणाचा स्वभाव माझ्यात उतरला ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

वेंडेल दुकानात आला तेव्हा चोवीस वर्षांचा होता. आजोबा मेंढ्या राखायला स्पेनच्या डोंगरांतून नेव्हाडात आलेले, त्यामुळे गाईगुरांच्या रँचवर याला उठताबसता 'मेंढपाळाचा नातू' ऐकावं लागे. अशा माणसाला खोगीर इतरांपेक्षा भारी लागतं. त्याची नजर थेट काचेतल्या चांदी मढवलेल्या खोगिरावर गेली.

"ते बँकवाल्यांसाठी," अ‍ॅन्सेल म्हणाला. "वर्षातून एकदा मिरवणुकीत बसतात, उरलेलं वर्ष ते दिवाणखान्यात बसतं."

मग वेंडेल लाकडी घोडीवर ठेवलेल्या तीन खोगिरांवर आळीपाळीने बसला. डोळे मिटून, आरामखुर्ची घ्यायला आल्यासारखा. अ‍ॅन्सेलने त्याला पोटभर बसू दिलं आणि मग म्हणाला, "तुझं बूड एकच आहे, पोरा. ज्या पाठींवर हे टाकशील त्या चाळीस असतील. बूड काहीही सहन करतं. पाठीचं बघ."

मी तेव्हा नुसता सांगाडा होतो. अ‍ॅन्सेलने मला मागच्या अंगणात नेलं, पाच घोड्यांच्या पाठीवर एकेकदा ठेवलं आणि प्रत्येक वेळी वेंडेलला माझ्याखालून तळहात सरकवायला लावला. हात कुठे अडकतो, कुठे पोकळ जातो ते बघायला. सगळी दुपार त्यात गेली. वेंडेल निघताना अ‍ॅन्सेलने बजावलं, "दर वर्षी हे उलटं करून गुडघ्यावर दाबायचं. आवाज आला तर माझ्याकडे आणायचं. तू ऐकलं नाहीस तर घोडा सांगेल. त्याची सांगायची पद्धत तुला आवडणार नाही."

पहिली सहा वर्षं वेंडेलने नेमाने दाबून बघितलं. मग अ‍ॅन्सेल वारला. विचारणारं कुणी उरलं नाही आणि वेंडेलचं बघणं सुटलं.

आमच्या मुलखात घोडा मालकाचा असतो, खोगीर गड्याचं असतं. गडी कामाला येतो तो खांद्यावर खोगीर घेऊन आणि जातो तोही तसाच. ज्याने खोगीर विकलं त्याला पुन्हा कुणी कामावर घेत नाही. दुसऱ्याच्या बायकोबद्दल इथे विनोद चालतो, खोगिराबद्दल चालत नाही. वेंडेलला मात्र सगळं चालायचं. याच्या लगामाची कडियाळी जड, त्याचा पोटाखालचा तंग चुकीच्या जागी, तिसऱ्याचा गुरं पकडायचा दोर नुसता दाखवायला. माझ्यावर बसून त्याने एकोणतीस वर्षं लोकांच्या सामानाला नावं ठेवली. मीही त्याच्याखाली फुगून बसत होतो, हे नाकारत नाही.

पावणेदोन वर्षांपूर्वी, ऑक्टोबरात, स्किलेट नावाच्या घोड्याचा पाय उतारावर बिळात गेला. तो कोसळला आणि माझ्यावरून लोळला. वेंडेलच्या दोन बरगड्या मोडल्या. त्यांचे फोटो काढले, ते खिडकीच्या उजेडात धरून सगळ्यांनी पाहिले. माझा चिखल पुसला, एका रिकिबीचा पट्टा बदलला आणि दोर अडकवायची पुढची मूठ शाबूत आहे म्हणून मलाही शाबूत ठरवलं. आत सांगाड्याच्या डाव्या फळीला बोटभर तडा गेला होता. वरच्या कच्च्या कातड्याने तो असा आवळून धरला की बाहेरून काही दिसेना.

मी गप्प बसलो. मला तोंड नाही, हे कारण पुरेसं आहे. पण खरं कारण वेगळं आहे. माझ्याच दुकानातलं एक भावंड एल्कोतल्या एका बारमध्ये स्टूल म्हणून खिळ्यांनी ठोकलेलं आहे. मोडक्या खोगिराचं काय होतं ते मला माहीत होतं.

त्या हिवाळ्यात नाही, पण त्याच्या पुढच्या हिवाळ्यात वेंडेलच्या वाट्याला डीकन आला. नऊ वर्षांचा तपकिरी घोडा, चर्चमधल्या कारभाऱ्यासारखा लांब, गंभीर चेहरा, म्हणून हे नाव. चालायला सरळ, गुरांपुढे शांत. प्रत्येक डाव्या वळणाला माझी तडकलेली फळी त्याच्या खांद्यामागे रुतत होती. सगळा हिवाळा मी त्याची पाठ खाल्ली.

दरम्यान जुन्या मालकाच्या मुलांनी रँच सॉल्ट लेकच्या एका कंपनीला विकली होती. कंपनीने ट्रेव्हर पेल नावाचा मॅनेजर पाठवला. वय चौतीस, हॅट स्वच्छ. मार्चमध्ये त्याने सगळ्या गड्यांसाठी एकसारखी सहा खोगिरं मागवली. नाश्ता करता करता, चित्रं बघून, रंगावरून निवडली. प्रत्येकाला मागे कंपनीचा शिक्का आणि बाजूला पाण्याच्या बाटलीचा खिसा. वेंडेलने त्यातलं एक बोटाने टोचून पाहिलं.

"साहेब, माप काय घेतलंत?"

"सोळा इंच."

"ते माणसाचं झालं. घोड्याचं?"

"घोडे तक्रार करत नाहीत, वेंडेल," ट्रेव्हर म्हणाला. "ती खोड इथे फक्त तुम्हाला आहे."

वेंडेल माझ्यावरून उतरला नाही. सहावं खोगीर खोक्यातच राहिलं. तेव्हापासून त्या दोघांचं बोलणं जेवढ्यास तेवढं होतं आणि तेही खवट.

एप्रिलमध्ये डीकन मला बघून कान मागे टाकू लागला. तंग आवळताना त्याने वेंडेलचं कोपर चावलं. मे महिन्यात वासरांना डाग द्यायच्या दिवशी, शेजारच्या दोन रँचची माणसं कुंपणावर बसलेली असताना, त्याने वेंडेलला उधळून धुळीत टाकलं आणि त्याच्यावर पाय न देता बाजूला जाऊन उभा राहिला. एवढं सौजन्य कुणी लक्षात घेतलं नाही. ट्रेव्हरने विकायच्या घोड्यांच्या यादीत पाचवं नाव लिहिलं : क्रमांक चौदा, धोकादायक. वीस जूनला ट्रक येणार होता. त्या ट्रकमधून गेलेला घोडा नंतर कुणी कुठे पाहिल्याचं ऐकिवात नाही.

वेंडेलने लगेच पहिला अर्ज केला. एप्रिलमध्ये तो दातांसाठी चार दिवस रीनोला गेला होता. तेवढ्यात डीकनवर कंपनीचं खोगीर घातलं गेलं आणि त्यानेच घोडा बिघडला, असं त्यात लिहिलं. ट्रेव्हरने खाली शेरा मारला : 'पुरावा नाही.'

पुरावा नदीनने शोधला. नदीन रँचवर नाल ठोकायला येते, आडदांड बाई, बोलायला तिच्या कानशीइतकीच खरखरीत. डीकनचा पाय मांडीवर घेताना तिला त्याच्या डाव्या खांद्यामागे अक्रोडाएवढा पांढऱ्या केसांचा ठिपका दिसला.

"हे बघितलंस?"

"कंपनीच्या खोगिराचं काम आहे ते," वेंडेल म्हणाला.

"चार दिवसांत? आतून मार बसला की जुना केस जातो, त्याच्या जागी नवा येतो तो पांढरा. एवढं व्हायला महिने लागतात. हा मार हिवाळ्यातला आहे, म्हाताऱ्या. हिवाळ्यात कंपनीची खोगिरं आलीही नव्हती."

"तुझं काम खुरांचं आहे."

"ज्याला खुरं असतात त्याला पाठही असते." तिने घोड्याचा पाय खाली सोडला. "बारा वर्षं आमच्या सगळ्यांच्या सामानाला नावं ठेवलीस. एकदा स्वतःचं उलटं करून बघ."

वेंडेलने तिला निघून जायला सांगितलं. ती उरलेले दोन नाल ठोकून मगच गेली. सहा दिवस तो तिचं नाव काढलं की उठून जायचा. मला नेहमीच्या खुंटीवर टांगायचा, पण हात पुसल्यासारखा पटकन काढून घ्यायचा.

आठ जूनला, रविवारी दुपारी, बाकीचे गावात गेले होते. वेंडेलने मला खाली उतरवलं, उलटं करून गुडघ्यावर घेतलं आणि दोन्ही टोकांना दाबलं. मी करकरलो. त्याने पुन्हा दाबलं. मी पुन्हा करकरलो. मी मुद्दाम केलं असं कुणी समजू नये. लाकडाला तेवढी नीतिमत्ता नसते. मग त्याने लोकरीवरून तळहात फिरवला, अ‍ॅन्सेलने शिकवला होता तसा, पुढून मागे. डावीकडे हात अडला.

तो पालथ्या बादलीवर बसला. "वीस महिने," एवढंच म्हणाला. पुढे शिवी होती, पण ती कुणाला द्यावी हे त्याला ठरवता आलं नाही.

सोमवारी नाश्त्याच्या टेबलावर त्याने दुसरा अर्ज ट्रेव्हरपुढे ठेवला आणि मला शेजारच्या बाकावर. ट्रेव्हरने कागद वाचला, बिस्किटाचा घास संपवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा पुन्हा वाचला. 'डीकन हा घोडा वाईट नाही. माझं खोगीर मोडलेलं आहे. ते मी तपासलं नाही. कंपनीच्या खोगिराबद्दल मी आधी लिहिलं ते खोटं होतं. पाठ बरी व्हायला सहा महिने द्यावेत. पुरावा सोबत जोडला आहे.'

"'ते खोटं होतं'," ट्रेव्हर म्हणाला. "हे वाक्य मला परत एकदा वाचावंसं वाटतं." वाचलं. टेबलाशी कुणीतरी कॉफीच्या कपात तोंड घालून हसलं. एकोणतीस वर्षांचं येणं होतं, ते लोक वसूल करत होते. "म्हणजे घोड्याने तक्रार केली होती तर."

"केली होती," वेंडेल म्हणाला. "घोडे तक्रार करत नाहीत असं तुम्ही म्हणाला होतात. माझ्या खोगिराबद्दल कुणी करणार नाही असं मी समजत होतो. आपण दोघंही चुकलो, साहेब."

"आपण दोघं म्हणू नका." ट्रेव्हरने कागदाची घडी घातली. "जनावराचा निर्णय मुख्य ऑफिसचा असतो. अर्ज वर पाठवतो. आणि तुम्ही आता बसणार कशावर?"

"द्याल त्यावर."

त्या सकाळी सहावं खोगीर खोक्यातून निघालं. वेंडेलने त्याच्याखालून तळहात सरकवला, खाली दोन घड्यांचं ब्लँकेट घातलं आणि एका रुंद पाठीच्या घोडीवर बसून निघून गेला. बाटलीचा खिसा रिकामा हलत होता. खिडकीतून मला एवढंच दिसलं.

वीस तारखेला ट्रक ऑफिसच्या खिडकीसमोरच येऊन थांबला. ड्रायव्हरच्या यादीत पाच घोडे होते. चार चढवले. डीकन शेवटी बांधलेला होता. वेंडेल कुंपणाशी उभा होता आणि त्याच्या हातात काही नव्हतं, टोपीसुद्धा नव्हती. ट्रेव्हर घोड्यासमोर उभा राहून बराच वेळ कागद बघत राहिला. त्या घोड्याला चढवायची त्याला मनापासून इच्छा होती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

"चौदा नंबर नाही," शेवटी तो म्हणाला. "त्याचा अर्ज वर आहे. अर्ज वर असताना हलवता येत नाही."

वेंडेलने आभार मानले नाहीत. ट्रेव्हरने त्यांची वाटही पाहिली नाही.

त्यानंतर मुख्य ऑफिसने विचारलं, खोगीर कोणाच्या मालकीचं? गड्याच्या, असं कळवलं. त्यांनी घोड्याच्या पाठीचा फोटो मागवला. पाठवला. फोटो आडवा आला आहे, उभा पाठवावा, असं उत्तर आलं. उभा पाठवला. आता सही करणाऱ्या बाई रजेवर आहेत. पुढचा ट्रक सप्टेंबरात आहे. डीकन तोवर ओढ्यापलीकडच्या कुरणात मोकळा आहे आणि नदीन म्हणते, सूज उतरली. पांढरे केस पांढरेच राहतील. ती माझी सही आहे, ती पुसता येत नाही.

वेंडेल दर शुक्रवारी दारात येऊन विचारतो, "काही आलं?" ट्रेव्हर मान न उचलता "नाही" म्हणतो. मग वेंडेलची नजर माझ्यावर येते आणि तशीच पुढे जाते. मी ती राग म्हणून घेतो. तेवढा माझा हक्क आहे.

तुम्ही कधी खोगीर घ्यायला गेलात तर वरची नक्षी पाहून झाल्यावर, हवी तर बसूनही झाल्यावर, ते उलटं करा आणि दाबा. आमच्यातलं कुणी आपणहून बोलणार नाही. माझ्यापुरतं सांगायचं तर निर्णय झाल्यावर दोन गोष्टी होऊ शकतात : अर्जदारास परत, किंवा निर्लेखित, म्हणजे मोडीत. दोन्हीसाठी कपाटात छापील कागद तयार आहेत, मी इथून पाहिले आहेत.

आज चौदा जुलै. अर्ज विचाराधीन आहे.